गिटारीतला भुंगा

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल शहागडला अब्रू गेली. माझी नव्हे, गिटारीची. पण लोकांना काय कळतंय! गाणारी मी, माईक माझ्या हातात, म्हणजे आवाज आला तो माझाच.

रमाई जयंतीचा कार्यक्रम होता. हायवेला लागून मैदान, ट्रकांचे हॉर्न — त्याची आमच्या गायनपार्टीला सवय आहे. पहिलं गाणं नेहमीसारखं सुरू केलं. ढोलकी नाही, कीबोर्ड नाही, नुसती माझी एक ओळ, आणि मग भारतची गिटार हलकेच खालून येते. मी ओळ धरली आणि स्पीकरमधून घूंऽऽऽ. आम्ही या आवाजाला भुंगा म्हणतो. मी पार्टीत आले तेव्हापासून तो भारतच्या गिटारीत आहे. तारा गप्प असल्या की हा गुणगुणायला लागतो. एरवी भारत जरा वळून उभा राहतो आणि भुंगा थांबतो. पण काल आयोजकांनी मागे भिंतभर एलईडी पडदा लावलेला. पुढे पायरीखाली लाईटवाल्या भागवतभाऊंचा डिमर — रंगीत दिवे कमीजास्त करायचा लोखंडी खोका — नेहमीच्या जागेवर. भारत इकडे वळला, तिकडे वळला, एक अख्खी गिरकी घेतली. भुंगा थांबेना. पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "माईक बिघडला वाटतं बाईचा." मला ऐकू आलं आणि ओळ तुटली.

टेम्पोत अंबडपर्यंत मी बोलले नाही. मग बोलले. "आयटीआयमध्ये वायरमन शिकवता तुम्ही. पोरांना अर्थिंग शिकवता. आणि स्वतःच्या गिटारीतला भुंगा इतक्या वर्षांत घालवता येईना?"

भारत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्याला विलाज न्हाई. गिटारच तशी हाय."

"मग गिटारीत जे काय असेल ते काढून टाका."

मला वाटलं, आता गप्प बसेल. गप्प बसणं हा त्याचा मुख्य धंदा, गिटार आणि आयटीआय ही जोडकामं. पण म्हणाला, "बदलतो. तुझी ओळ तुटली न."

रोजनिशीत मी त्याला भारत म्हणते आणि अरेतुरे करते. घरात 'अहो'. कागद काही सासूबाईंना सांगायला जात नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळेतला शिवजयंतीचा कार्यक्रम उरकून घरी आले तर पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद संपलेला! नवी गुंडाळी होती. भारतने सगळी गिटारीच्या पोटात आतून चिकटवली होती. म्हणे, बाहेरचा आवाज अडतो याने. वाजवून बघितलं. खरखर कमी झाली, भुंगा जसाच्या तसा.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई गिरिजाबाई, दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गिटारीला डबा बांधून दिला का? कुठं गावाला चालली?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुमेधा आली. इंजिनिअरिंगला गेल्यापासून पोरगी आली की घरात जेवणाआधी चार्जर लागतो. पप्पांनी फोनवर सगळं सांगितलंच होतं. आल्या आल्या मोबाईल उघडून शिकवणी सुरू. मीही बसले.

तर गिटारीच्या तारांखाली त्या तीन पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की पट्टी ते पकडते आणि स्पीकरला पाठवते. पण एकच गुंडाळी असली की ती आजूबाजूच्या विजेचंही पकडते. तोच भुंगा. बिनआवाजी पिकअप मिळतात, त्यात गुंडाळ्या दोन. दोघी भुंगा पकडतात, पण उलट्या बाजूंनी, म्हणून तो आपसात फिटतो आणि गाणं तेवढं उरतं. मला हे आवडलं. एका घरात दोन बायका असल्यावर बाहेरच्याची काय हिंमत.

मग सुमेधाने एक व्हिडिओ लावला. कुणी एक दाढीवाला गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू वळतो. तोंड विजेच्या यंत्राकडे असलं की भुंगा मोठा. आडवा वळला की गायब.

"मम्मी, बघ! सेम पप्पा! म्हणून पप्पा स्टेजवर सारखे तुझ्याकडं वळून असतात. समोर डिमरचा खोका असतो न. आडवं वळलं की बराबर तूच समोर येते."

सुमेधा हसली. मीही हसले. भारत उठून पाणी प्यायला गेला.

कुकर लावला. किती शिट्ट्या झाल्या कळलंच नाही. भाताचा गाळ झाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

भारत म्हणाला, "आज गप्प काहून?" म्हटलं, घसा.

लगेच मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. प्यावं लागलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लिहूनच टाकते. कुणाला सांगण्यासारखं नाही.

डी.एड. झालं, नोकरी लागली, त्याच वर्षी मी पार्टीत आले. आधी रामराव गायचे. त्यांचा दमा वाढला आणि भीमगीतं म्हणायला कुणीतरी हवं होतं. मोठ्या भावाने मला नेऊन उभं केलं. पहिला कार्यक्रम आमच्या जाफराबादजवळच्याच एका वस्तीत, जयंतीचा. मी माईकपाशी. डाव्या हाताला गिटारवाला. हा माणूस तालमीत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि स्टेजवर पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत माझ्याकडे तोंड करून उभा! लोकांकडे बघितलंच नाही. मी चुकले की हनुवटी जरा वर करायचा, मला कळायचं — थांब, आता अंतरा.

दुसऱ्या दिवशी नळावर कांताबाई म्हणाली, "काय गं संध्या, तो गिटार वाजवून राह्यल्ता का तुला बघून राह्यल्ता?" मी तिला झापलं. घरात आले आणि आरशात बघितलं.

पुढच्या कार्यक्रमाला तसंच. त्याच्या पुढच्यालाही. सगळ्या वस्तीत झालं. बोलत काहीच नव्हता, आजही बोलत नाही. आत्या स्थळ घेऊन आल्या तेव्हा बाबांनी मला विचारलं, मुलगा अबोल आहे, चालेल का? मी म्हटलं, सगळं तोंडानेच बोलावं लागतं का? केवढी शहाणी!

भिंतीवर फोटो आहे. त्याच वर्षीचा. मी माईक धरून, केसात अबोली, आणि तो माझ्याकडे वळलेला. पाहुणे आले की आत्या दाखवतात. "लग्नाआधीचा हाय. बघा, कसा बघून राह्यला."

आणि तो खोक्याला चुकवत होता.

राग कुणावर करू? त्याने कधी म्हटलं होतं का, संध्या मी तुझ्याकडे बघतो? मीच समजले. माणूस सोन्यासारखा आहे. बाळंतपणात माझे पाय चेपले, माझ्या बदलीसाठी जालन्याला हेलपाटे घातले, मला आवडतं म्हणून स्वतःला न आवडणारं शेपूचं वरण गुमान खातो. लग्न काही त्या बघण्यावर चाललेलं नाही. पण सुरू त्याच्यावर झालं होतं. कपाटाखालची वीट कुणी काढून दाखवावी तसं झालंय. कपाट पडत नाही. हलतं मात्र.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

समाजमंदिरात तालीम. मी डोळे मिटून गायले.

भारत म्हणाला, "डोळे काहून मिटले?" म्हटलं, भाव येतो.

रामराव येऊन बसले होते, गळ्याला मफलर. भुंगा ऐकून म्हणाले, "माझ्या टायमाला हा आवाज बिलकुल न्हवता बुवा." सगळे हसले. रामरावांच्या वेळी ढोलकीला शाई चांगली होती, माईक चांगले होते, माणसंही उंच होती. कीबोर्ड वाजवणारा बुद्धभूषण म्हणाला, "काका, तुमच्या टायमाला लाईट तरी व्हती का?" बिचारे स्वतःही हसले आणि मग खोकत बसले.

२ मार्च, रविवार

पिकअप निवडायचे आहेत आणि निवडायचे मी! भारत म्हणाला, "हात माझे हायेत, कान तुझे." हे मात्र खरं आहे. त्याला सूर वाजवता येतो, मला ऐकू येतो.

पुण्यात कुणी एक गृहस्थ घरी पिकअप गुंडाळतात. त्यांनी तीन तऱ्हांचे आवाज फोनवर पाठवले. एकच धून, तीनदा वाजवलेली. भारतने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, मोबाईल पाठीमागे धरला, कुठला कुठला ते सांगितलं नाही. आत्या म्हणाल्या, "डोळ्याचा डॉक्टर झाला का कानाचा?"

पहिला आवाज — अगदी आपली गिटार. वरच्या पट्टीत तारेची ती टणक टोच असते ना, ती किंचित बोथट, पण तीच. दुसरा जाडजूड. दणकट, लग्नातल्या बँडसारखा. भुंगा नाही, पण भारतही नाही त्यात. तिसरा पातळ, पत्र्यावर पाणी पडावं तसा.

पहिलाच. विचार करायचं काम नव्हतं.

आणि मी म्हटलं, "दुसरा."

भारतने दुसरा पुन्हा लावला. पूर्ण ऐकला. त्याला नाही आवडला. मी पाठमोरी असूनही त्याची नकारात हललेली मान मला दिसत होती. "हा? बराबर ऐकलं?"

"हो."

"मंग दुसरा," म्हणाला. एका शब्दाने वाद घातला नाही.

मला काय पाहिजे होतं? दुसरे बसवले की आठ दिवसांत कंटाळेल, जुने परत बसवेल, परत आडवा वळेल, परत मी समोर येईन. एवढी अक्कल लढवली. शाळेत पोरं खोटं बोलली की मी त्यांना बाकावर उभं करते.

३ मार्च, सोमवार

सकाळी तो बूट घालत होता. म्हटलं, "अहो, दुसरा नको. पहिला सांगा त्यांना."

"मला बी तेच वाटलं," म्हणाला. "पन तू म्हणली म्हणून."

"मी चुकले."

"तुझे कान चुकत न्हाईत."

म्हटलं, "काल चुकले." तो माझ्याकडे बघतच राहिला, एक बूट हातात. मग मलाच राहवलं नाही. "गिटारीला म्हणे दिशा लागते. खोका समोर असला की आडवं वळावं लागतं. मला इतके दिवस माहीतच नव्हतं."

चोरी पकडल्यासारखा लाल झाला. कानापर्यंत. "हां... असतं तसं," म्हणाला, आणि डावा बूट उजव्या पायात घालायला लागला.

म्हणजे खरंच.

९ मार्च, रविवार

पहिले सांगितले. पुण्याच्या गृहस्थांनी मापं मागवली — तारांमधलं अंतर, पट्टीची लांबी. भारतने तीनदा मोजली. गिटारीच्या पोटाची खोली मोजायची विसरला. हे मला आज माहीत नाही, म्हणजे ते आज लिहिता आलं नसतं. पुढचं पान लिहिताना मागे येऊन लिहिलंय. रोजनिशीत चालतं.

२० मार्च, गुरुवार

पार्सल आलं. कापसात गुंडाळलेले तीन पिकअप. किती देखणे! भारतने तळहातावर घेतले, पिल्लू घ्यावं तसे.

बसेनात. दोन गुंडाळ्या एकावर एक म्हणजे उंची जास्त आणि आमच्या गिटारीचं पोट उथळ. इथे ते न मोजलेलं माप. वायरिंग शिकवणारा माणूस लाकडाला विसरला!

भारतने तिन्ही उलटे, आडवे, तिरके घालून बघितले. मग म्हणाला, "कोरावं लागतंय."

२३ मार्च, रविवार

आयटीआयच्या सुतारकामाच्या सरांकडून पटाशी आणली. सर म्हणाले होते, मी कोरून देतो. भारत म्हणाला, नको, माझी मीच कोरतो. मग हातात पटाशी घेऊन तासभर येरझाऱ्या.

शेवटी मी ओट्यावरून उठले, सतरंजी अंथरली, गिटार मांडीवर आडवी घेतली. "या. मी धरते."

समोर गुडघे टेकून बसला. पटाशीचं टोक लाकडाला लावलं आणि थांबला. "जिवावर येऊन राह्यलं," म्हणाला. ही गिटार त्याने पहिल्या पगारात घेतलेली, आमच्या लग्नाआधी.

म्हटलं, "हळूहळू. मी आहे."

मग कोरलं. पापुद्रा पापुद्रा. भुसा माझ्या साडीवर, त्याच्या भुवयांवर. मध्येच फुंकर मारायचा आणि ती माझ्या हातावर यायची. रागावलेल्या माणसाने इतकं जवळ बसू नये. राग टिकत नाही, आणि मला तो टिकवायचा होता.

दुपारी तारा जोडून कथलाचे डाग दिले. राळेचा वास घरभर. जोडून वाजवलं, तर एकेक पिकअप सुरेख, पण मधला आणि पुढचा मिळून लावला की आवाज नाकातून! म्हटलं, "याला सर्दी झालीय." भारतने कान लावला, त्याला कळेना. मी परत म्हटलं, मधल्यातच काहीतरी उलटं आहे. उघडलं. मधल्याच्या दोन तारा अदलाबदल झालेल्या. बदलल्या, सर्दी गेली.

मग त्याने आवाज पूर्ण वाढवला आणि तारांवरून हात काढला.

काहीच नाही.

पंखा ऐकू आला. आत्या शेजारच्या खोलीतून म्हणाल्या, "लाईट गेली का?"

भारत माझ्याकडे बघून हसला. लहान पोरासारखा. मला भरून आलं, आणि त्याच वेळी भुंगा परत यावा असंही वाटलं. दोन्ही खरं.

जुने तीन पिकअप त्याने फडक्यात बांधून बिस्किटाच्या डब्यात ठेवले. मी म्हटलं, भंगारात द्या. म्हणाला, "राहू दे."

४ एप्रिल, शुक्रवार

तालीम बरी. चौदा तारखेचा कार्यक्रम यंदा आपल्या जाफराबादलाच, मोठा. मागे एलईडी पडदा असणारच.

बुद्धभूषण भारतला म्हणाला, "दादा, आता खोक्याची भीती न्हाई. पब्लिककडं बघा जरा. नवरदेवावानी वहिनीकडंच काय बघत राह्यचं?"

सगळे हसले. भारत म्हणाला, "हां, हां."

१२ एप्रिल, शनिवार

निळी साडी इस्त्री केली. अबोली सांगून ठेवली, शाळेतल्या मीनाबाईंच्या दारात फुलते. या वयात केसात अबोली कशाला, असं मनात आलं. तरी सांगितली.

एकच विचार — तो कुठे बघेल? जयंतीचा कार्यक्रम आहे, हजारो माणसं येणार, आणि संध्याबाई शिक्षिका, इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलीची आई, हा विचार करते!

१५ एप्रिल, मंगळवार

झाला कार्यक्रम.

आधी चांगलं लिहिते. पहिली ओळ मी धरली आणि खाली काही नव्हतं. काहीच नाही! माझी ओळ एकटी उभी राहिली. इतकी माणसं, आणि कुणी लेकरू रडलं नाही, कुणी खुर्ची ओढली नाही. ओळ संपता संपता गिटार आली, इतकी हळू की कुठे माझं संपलं आणि कुठे त्याचं सुरू झालं ते मलाच कळलं नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पुढच्या रांगेत रामराव होते, त्यांनी डोळ्याला मफलर लावला.

आता बाकीचं.

भारत लोकांकडे तोंड करून उभा होता. सरळ. प्रतिज्ञा म्हणायला पुढे काढलेल्या पोरासारखा, दोन्ही पाय जुळवून. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मी दोनदा मान वळवून बघितलं. मला त्याचा नुसता कान दिसला. तिसऱ्या गाण्यात मी अंतरा लवकर उचलला, कारण हनुवटी दिसली नाही. ढोलकीने सांभाळून घेतलं, कुणाला कळलं नाही.

आयोजकांनी त्याचा सत्कार केला. "गिटारवादनात आज वेगळीच बहार," म्हणाले.

घरी येताना मी म्हटलं, "छान वाजवलं." मनापासून म्हटलं.

"हां. झालं बराबर." थोडं चालला. "पन मला कुठं बघावं तेच कळंना."

"लोकांकडे बघायचं."

"बघितलं की," म्हणाला.

घरी येऊन साडीची पिन काढता काढता रडले. पन्नाशीकडे झुकलेली बाई पिन हातात धरून रडते! लिहायला लाज वाटते, पण रडले. त्याने काही चूक केली नाही. मीच भुंगा घालवायला लावला, मीच पिकअप निवडले, मांडीवर गिटार धरून कोरून घेतली. आणि गाणं खरंच सुंदर झालं. मग रडू कशाचं? याचं की आता खात्री झाली. आवाज गेला, वळायचं कारण गेलं, आणि तो वळला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

कार्यक्रमाचे फोटो आले. सुमेधाने फोनवरून विचारलं, "मम्मी, नवा फोटो फ्रेम करून आणू का, जुन्याच्या जागी?" म्हटलं, जागा नाही.

आत्यांना मोबाईलवर दाखवला. डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "भारत असा काहून दिसून राह्यला? जत्रंत हरवल्यावानी."

१८ एप्रिल, शुक्रवार

शेपूचं वरण केलं. त्याने खाल्लं. दुसऱ्यांदाही मागितलं! मला काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, मीठ बरोबर आहे का. म्हणाला, बरोबर आहे.

२० एप्रिल, रविवार

भारत बाजाराला गेलेला. भागवतभाऊ आले, आमची एक वायर त्यांच्या सामानात गेली होती ती द्यायला. चहा ठेवला. म्हणाले, "वहिनी, भारतभाऊला इचारायचं व्हतं. आता गिटारीला भुंगा न्हाई, तर डिमरचा खोका मागं जनरेटरपाशी नेला तर चालंल का? म्होरं लेकरं वायरीत अडखळून पडत्यात."

म्हटलं, "मग आधीच का नाही नेला मागे?"

"म्या किती बार म्हणलं! तिकडं ठेवला तर भुंगा येतच न्हाई. रामराव गायचे तव्हा तिकडंच ठेवत व्हतो की. तुम्ही पार्टीत आल्या त्या साली भाऊ म्हणले, खोका म्होरं घे, बराबर पायरीखाली. काहून म्हणलं तर म्हणले, राहू दे. तव्हापासून दर टायमाला सोता येऊन जागा दाखवत्यात. ह्या चौदा तारखंला तेवढे आले न्हाईत."

मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

"मंग नेऊ का मागं?"

"नका नेऊ," म्हटलं. "होता तिथंच ठेवा. लेकरांकडे मी बघते. आणि तुमच्या भाऊंनी विचारलं, तर सांगा — जागा वहिनीने दाखवली."